एका नोंदीची दुरुस्ती

२६ जानेवारीला आमच्या गावात शाळेच्या पटांगणावर झेंडावंदन झालं की माजी सैनिक एका बाजूला रांगेत उभे राहतात. सातारा जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत हे असंच असतं. घराआड एक माणूस फौजेत, त्यामुळे रांग चांगली लांब होते. आबा, म्हणजे माझे वडील, १९८० साली पेन्शनवर घरी आले, तेव्हापासून त्या रांगेतली त्यांची जागा ठरलेली. आदल्या रात्री आई ब्रासो लावून पदकं घासायची, धोतराच्या जुन्या फडक्यानं पुसायची आणि काळ्या कोटाच्या डाव्या बाजूला पट्टी सरळ बसली की नाही, ते कोट उजेडात धरून बघायची. पदकांना हात लावायची परवानगी आम्हा भावंडांना नव्हती. आईला होती.

२०१९ च्या झेंडावंदनाला शेजारच्या गावचे एक रिटायर सुभेदार पाहुणे म्हणून आले होते. रांगेतल्या प्रत्येकाशी हात मिळवत ते आबांपाशी आले, कोटाकडे बघितलं आणि सहज विचारलं, "हवालदार, एकाहत्तरला कुठं होता?"

"शकरगडला, साहेब."

सुभेदारांनी पुन्हा पट्टीवरून नजर फिरवली. "मग पश्चिमी स्टार कुठाय?"

"मिळाला न्हाई, साहेब."

सुभेदार काहीच बोलले नाहीत. आबांच्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेले. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण मी पाच पावलांवर उभी होते आणि मला आबांचा चेहरा दिसला. घरी येऊन त्यांनी कोट काढला, पट्टी सोडवली, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि डबा माळ्यावर टाकायला सांगितला. पुढच्या १५ ऑगस्टला ते गेले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. गुडघा दहा वर्षं दुखतच होता.

फौजेबाहेरच्या माणसाला वाटतं, पदक म्हणजे शौर्याचं बक्षीस. परमवीर चक्र, वीर चक्र ही तशी असतातच. पण सैनिकाच्या छातीवरची बहुतेक पदकं वेगळ्या जातीची असतात. हा माणूस अमुक साली अमुक ठिकाणी होता, एवढंच ती सांगतात. म्हणून एक फौजी दुसऱ्याच्या छातीकडे बघतो तेव्हा तो शोभा बघत नसतो, वाचत असतो. आबांच्या पट्टीवर पाच पदकं होती. १९६५ चं रक्षा मेडल, १९७१ चं संग्राम मेडल, जम्मू-काश्मीरची पट्टी असलेलं सैन्य सेवा मेडल, स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं मेडल आणि नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं. १५ ऑगस्ट १९७२ ला जो कुणी फौजेच्या हजेरीपटावर होता, त्याला पंचविसाव्या वर्षाचं मेडल मिळालं. संग्राम मेडल १९७१ च्या लढाईच्या काळात सीमेवरच्या राज्यांत कामावर असलेल्यांना मिळालं. पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार मात्र प्रत्यक्ष लढाईच्या टापूत असलेल्यांचे. पाच टोकांचा, तांबूस रंगाचा तारा, मधे राजमुद्रा. पदकं लावण्याचा क्रमही ठरलेला असतो आणि त्या क्रमात हे तारे रक्षा आणि संग्राम मेडलच्या आधी येतात. म्हणजे आबांच्या पट्टीवर जे नव्हतं, त्याची जागा सगळ्यांत पहिली होती. वाचणाऱ्याची नजर जिथून सुरू होते, तिथेच.

सुभेदारांनी तेच वाचलं. आणि त्या वाचनात आबा खोटे ठरले.

मी ३१ वर्षं महसूल खात्यात नोकरी केली. तहसील कार्यालयात अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. माझ्या टेबलावर रोज माणसं यायची ती सातबारा घेऊन. बापाचं नाव चुकलंय, क्षेत्र चुकलंय, बहिणीचं नाव लागलंच नाही, मेलेल्या चुलत्याचं नाव अजून तसंच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात कलम १५५ आहे. लेखनप्रमादाची दुरुस्ती. लिहिणाऱ्या हाताची चूक झाली असेल, तर ती केव्हाही सुधारता येते, असं ते कलम सांगतं. त्या कलमाखालचे प्रस्ताव मी किती तयार केले असतील, मोजदाद नाही. लोकांचे कागद सरळ करण्यात आयुष्य गेलं, आणि माझ्याच घरात, बिस्किटाच्या डब्यात, चुकीचा कागद चाळीस वर्षं पडून होता. त्याची मला तोपर्यंत गंधवार्ता नव्हती, कारण आबा लढाईबद्दल बोलत नसत. ही खंत माझी आहे आणि राहील.

त्या रात्री मी माळ्यावरून डबा काढला. आबांचं डिस्चार्ज बुक काढलं. तपकिरी कापडी पाठीचं, कोपरे झिजलेलं, आतली शाई फिकी झालेली. नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, ओळखीची खूण डाव्या भुवईवरचा व्रण, भरती १९६३, हुद्दे, शिक्षण, वर्तणूक 'एक्झेम्प्लरी', आणि मग पदकांचा रकाना. पाच ओळी. सहावी ओळ नाही. रकान्याखाली दोन बोटं जागा मोकळी होती, आणि त्याखाली सही-शिक्का.

मी विचारलं, "आबा, नक्की काय झालं होतं?"

मग त्यांनी सांगितलं. एका बैठकीत नाही. आठ-पंधरा दिवस, थोडं थोडं, गोठ्यात, अंगणात, कधी माझ्याशी, कधी नुसतं समोर बघत.

चीनच्या लढाईनंतर फौज वाढवायला घेतली तेव्हा गावोगाव भरती झाली, त्यात आबा गेले. ड्रायव्हर झाले. १९७१ च्या डिसेंबरात त्यांचं युनिट पंजाबात पिछाडीला होतं. लढाई ३ तारखेला पेटली आणि पाकिस्तानातल्या शकरगडच्या बाजूनं आपली फौज आत शिरली, तेव्हा पुढे तोफखान्याला दारूगोळा पोचवायला गाड्या कमी पडत होत्या. आबांच्या युनिटमधून चार गाड्या आणि आठ ड्रायव्हर दुसऱ्या युनिटला जोडून दिले. फौजेत याला अटॅचमेंट म्हणतात. माणूस एका युनिटचा, हजेरी एका युनिटची, जेवण-काम दुसऱ्या युनिटकडे.

गाडी शक्तिमान. पाठीमागे २५ पौंडी तोफांच्या गोळ्यांच्या पेट्या. दिवसा हलायचं नाही, कारण वर विमानं. रात्री हलायचं, पण दिवे लावायचे नाहीत. पठाणकोटहून सांब्याकडे आणि तिथून खाली. सडक संपली की उसाच्या शेतांतनं चाकोऱ्या, दोन्ही बाजूंना सुरुंग. सुरुंग काढून इंजिनिअरांनी वाट मोकळी केलेली असायची. तिच्या कडेनं पांढरी फीत. गाडी फितीच्या आतच ठेवायची.

"फीत दिसायची?" मी विचारलं.

"कुटली दिसतीय. जोडीदार म्होरं चालायचा. त्याच्या पाठीला पट्ट्यात रुमाल खवसलेला. पांढरा. त्यो रुमाल जाईल तिकडं गाडी. मी रुमालाकडं बघून गाडी हाकली, रस्त्याकडं बघून न्हाई." थोड्या वेळानं म्हणाले, "दर एका फेरीला आदलाबदली करायची. एकदा त्यानं चालायचं, एकदा मी."

म्हणजे सुरुंगांच्या मधून चालायची पाळीही दोघांनी वाटून घेतली होती.

१५ तारखेच्या रात्री आपली माणसं बसंतर नदी ओलांडून पलीकडे गेली. पुढचे दोन दिवस तिथं जे झालं ते शाळेच्या पुस्तकात आहे. पुण्यात जन्मलेला, पूना हॉर्सचा २१ वर्षांचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ तारखेला आपल्या रणगाड्यात पडला. जरपालला मेजर होशियार सिंग जखमी होऊनही जागेवरून हलले नाहीत. दोघांना परमवीर चक्र मिळालं. १७ तारखेला रात्री आठ वाजता पश्चिम सीमेवरची लढाई थांबली. त्या दोन रात्रींत आबांच्या गाडीनं किती फेऱ्या केल्या ते त्यांना आठवत नाही. आठवतं एवढंच, की परतीच्या फेरीला रिकाम्या गाडीत जखमी माणसं असायची, आणि गाडी हळू चालवायची की जोरात, हे ठरवता यायचं नाही. हळू चालवली तर उशीर व्हायचा, जोरात चालवली तर मागून आवाज यायचे.

"सगळं कार डायरीत लिवलं हुतं," ते म्हणाले. प्रत्येक फौजी गाडीची कार डायरी असते. गाडी कुठून निघाली, कुठे गेली, किती किलोमीटर, कुणाच्या हुकुमानं. आबांनी ती इमानदारीनं भरली होती, लढाईच्या मधोमध, बोनेटवर ठेवून. अटॅचमेंट संपली, गाडी जमा झाली, डायरीही जमा झाली. आबा आपल्या युनिटला परत आले. काही काळानं पदकांच्या याद्या निघाल्या, तेव्हा त्यांच्या युनिटनं आपल्या हजेरीप्रमाणे यादी केली. युनिट पिछाडीला होतं, म्हणून सगळ्यांना संग्राम मेडल. ज्या युनिटला गाड्या जोडल्या होत्या त्यानं आपल्या माणसांची यादी केली. आठ ड्रायव्हर त्यांचे नव्हते. दोन्ही याद्या आपापल्या परीनं बरोबर होत्या आणि आठ माणसं मधल्या फटीत पडली.

"तुम्ही तेव्हा विचारलं नाही?"

"विचारलं. हेडक्लार्क म्हणाला, येईल. मग आमी बदलीवर गेलो. मग त्यो बदलीवर गेला."

भावानं मला विचारलं, यातून पेन्शन वाढणार आहे का. नाही. शौर्यपदकांना भत्ता असतो, अशा स्टारला नसतो. एक रुपयाही मिळणार नव्हता. त्याचं म्हणणं होतं, मग या वयात आबांना कशाला त्रास. मला त्याचा राग आला नाही, पण मी त्याला एवढंच विचारलं, की उद्या आपल्या सातबाऱ्यावरून आजोबांचं नाव कुणी चुकून उडवलं आणि जमीन मात्र आपल्याच ताब्यात राहिली, तर तू गप्प बसशील का. त्यानंतर दर खेपेला सैनिक बोर्डात आबांना गाडीवरून तोच घेऊन गेला.

पहिला अर्ज मी साधाच केला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत, सोबत डिस्चार्ज बुकची प्रत, पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, प्रत, आर्मी नंबर, लढाईत कुठे होते त्याचा तपशील. चार महिन्यांनी रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं. तीन ओळी. आपल्या सेवा अभिलेखात पश्चिमी स्टारची नोंद आढळून येत नाही, सबब विनंती मान्य करता येत नाही.

मी तो कागद हातात धरून बराच वेळ बसले. नोंद नाही, हीच तर आमची तक्रार होती. नोंद नाही म्हणून पदक नाही आणि पदक नाही म्हणून नोंद नाही, या चक्रात माणूस आयुष्यभर फिरू शकतो. माझ्या टेबलासमोर उभ्या राहिलेल्या माणसांचे डोळे मला त्या दिवशी नव्यानं आठवले. 'अभिलेखात आढळून येत नाही' हे वाक्य मीसुद्धा लिहिलं होतं. किती वेळा लिहिलं होतं.

कागद हरवणं, चुकणं ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. अमेरिकेत सेंट लुईसला जुन्या सैनिकांचे सेवा अभिलेख ठेवलेली मोठी इमारत होती. १२ जुलै १९७३ ला तिला आग लागली आणि एक कोटी साठ लाखांहून जास्त सैनिकांच्या फायली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून बाहेर पडलेल्यांपैकी ८० टक्के लोकांचा कागद राख झाला. तिथली माणसं अजून पगारपत्रकं, दवाखान्याचे कागद, जुनी पत्रं जोडून आपली सेवा पुन्हा उभी करतात, आणि ती उभी राहिली की त्यांच्या सेवापत्राला दुरुस्तीपत्र जोडलं जातं. त्याच देशात दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या सात काळ्या सैनिकांना सर्वोच्च पदक मिळालं ते जानेवारी १९९७ मध्ये. बावन्न वर्षांनी. सातांपैकी एकच जिवंत होता, व्हर्नन बेकर. तिथे आडवा आला तो वर्णभेद, आमच्याकडे आडवी आली ती फट. त्या अन्यायाशी आबांच्या गोष्टीची तुलना मी करणार नाही. पण सत्तरी ओलांडलेला तो माणूस गळ्यात पदक घालून उभा आहे, डोळ्यांत पाणी, हा फोटो मी आबांना मोबाइलवर दाखवला. त्यांनी फोटो मोठा करायला सांगितला आणि बराच वेळ बघितला.

पदकावर नाव कोरलेलं असणं ही तर आणखी वेगळी गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीची हजारो पोरं आफ्रिकेत, इटलीत लढली. त्या लढाईत ब्रिटिश सैनिकांना मिळालेली पदकं कोरी होती, पण आपल्या पोरांच्या पदकांवर नंबर आणि नाव कोरलेलं होतं. आज कितीतरी घरांत ती आहेत आणि ती पणज्याची की चुलत पणज्याची, हे त्या कोरलेल्या नावावरूनच सांगता येतं. आबांच्या संग्राम मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं आहे. अक्षर इतकं बारीक की भिंग लागतं. लहानपणी नाही, साठी उलटल्यावर मी ते पहिल्यांदा वाचलं. धातूवर बापाचं नाव बोटाला लागतं तेव्हा काय वाटतं ते लिहिता येत नाही.

वाट सापडली ती माझ्या नोकरीतल्या एका साध्या सवयीनं. सातबाऱ्यावर वाद असला की आम्ही सातबाऱ्याकडे बघत बसत नाही. तो काय, आजची स्थिती सांगतो. आम्ही फेरफार काढतो. कोणत्या फेरफारानं हे नाव लागलं, त्यावर कुणाची सही, त्याच्या आधीचा फेरफार कोणता. फौजेतही फेरफार असणारच, असं मनात आलं. सैनिक बोर्डातल्या एका वयस्क कारकुनांना विचारलं. ते स्वतः फौजेत क्लार्क होते. त्यांचे डोळे चमकले. "ताई, त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. जवानाचं लग्न झालं, पोर झालं, सुट्टी गेला, दवाखान्यात गेला, अटॅच झाला, सगळ्याची पार्ट टू ऑर्डर निघते. तिच्यावरून शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेच्या नोंदपत्रकात, नोंद होते. तुम्ही पदक मागू नका. ऑर्डर मागा."

मग मी दुसरा अर्ज केला, माहितीच्या अधिकारात. पदकाचा उल्लेखही केला नाही. डिसेंबर १९७१ ते फेब्रुवारी १९७२ या काळात अमुक युनिटनं अटॅचमेंटबाबत काढलेल्या पार्ट टू ऑर्डरपैकी या जवानाशी संबंधित उतारा मिळावा. मधे कोरोना आला. दीड वर्ष सगळं ठप्प. आबांना ताप येऊन गेला, आठ दिवस दवाखान्यात होते, ऑक्सिजनवर. मला रात्री झोप लागायची नाही, आणि लाज वाटते सांगायला, पण त्या भीतीत एक भीती ही पण होती, की आता उत्तर आलं तर ते कुणाला वाचून दाखवायचं.

दरम्यान आईनं एक गोष्ट काढून दिली. तिच्या ट्रंकेत आबांची पत्रं होती. त्यात एक अंतर्देशीय पत्र डिसेंबर ७१ चं. मजकुरात काही नाही. लढाईच्या काळात पत्रात जागेचं नाव लिहायची बंदी. 'मी खुशाल आहे, म्हैस व्याली का कळव, थंडी फार आहे.' पण वर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का होता, त्यात नंबर आणि तारीख. आबांचं युनिट जिथे होतं तिथल्या पत्रांवरचा नंबर वेगळा होता. या पत्रावरचा वेगळा. म्हणजे ज्या पत्रात जवानाला गावाचं नाव लिहिता येत नव्हतं, त्याच पत्राच्या पाठीवर पोस्टानं जागेची खूण ठेवली होती. आईला लिहिता-वाचता येत नाही. तिनं ते पत्र पन्नास वर्षं का जपलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "त्या महिन्यात एवढं एकच आलं हुतं."

उतारा आला तो २०२१ च्या दिवाळीनंतर. फिकट टंकलेखन, त्याची झेरॉक्स, तिच्यावर खरी प्रत म्हणून सही. आबांचं नाव होतं. हुद्दा लान्स नायक, बरोबर. युनिट बरोबर. कोणत्या तारखेपासून कोणत्या युनिटला अटॅच, तेही होतं. मी आनंदानं ओरडले. आबा चष्मा लावून आले, कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "ह्यो नंबर माझा न्हाई."

दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. मधले दोन. मी दहा वेळा वाचला होता तो कागद, माझ्या लक्षात आलं नव्हतं. फौजी माणूस स्वतःच्या मुलांच्या जन्मतारखा विसरेल, आर्मी नंबर विसरत नाही. लढाईच्या धामधुमीत, कुठल्या तरी तंबूत, थंडीनं बोटं आखडलेल्या कुणा क्लार्कच्या हातून टाइपरायटरची दोन बटणं मागेपुढे दाबली गेली होती. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला पोचली, पण आबांच्या शीट रोलपर्यंत पोचलीच नाही, कारण शीट रोल नंबरानं शोधतात. नावानं नाही. शिंदे, जाधव, मोरे, चव्हाण एकेका पलटणीत किती असतील!

त्या क्लार्कचा मला राग येत नाही. खरंच येत नाही. तोही तिथेच होता, त्याच थंडीत. राग येतो तो नंतरच्या पन्नास वर्षांचा. कुणीतरी एकदा फाइल उघडून नाव, हुद्दा, युनिट जुळतंय आणि फक्त दोन आकडे उलटे आहेत, हे बघायला हवं होतं. आमच्या भाषेत हा सरळसरळ लेखनप्रमाद. तिसऱ्या अर्जात मी तेच लिहिलं. उतारा जोडला, पत्राच्या शिक्क्याची प्रत जोडली, आणि त्या आठ ड्रायव्हरांपैकी हयात असलेल्या एका काकांचं प्रतिज्ञापत्र जोडलं. ते आता माण तालुक्यात असतात, कानानं कमी ऐकू येतं. तलाठ्याच्या पोरानं प्रतिज्ञापत्र मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा 'सुरुंग' या शब्दाला त्यांनी त्याला थांबवलं आणि म्हणाले, "रुमालाचं लिवलं का?" नव्हतं लिहिलं. पेनानं बाजूला लिहून घेतलं आणि त्यावर त्यांची सही घेतली.

उत्तराला सात महिने लागले. एका सकाळी पोस्टमन रजिस्टर पाकीट घेऊन आला. आत नवी पार्ट टू ऑर्डर, आणि डिस्चार्ज बुक परत पाठवलेलं. पदकांच्या रकान्यात, त्या दोन बोटं मोकळ्या जागेत, निळ्या शाईत सहावी ओळ. खाली रेकॉर्ड अधिकाऱ्याची सही, तारीख, गोल शिक्का. पदक उपलब्ध झाल्यावर पाठवण्यात येईल, असं सोबतच्या पत्रात होतं. ते यायला वेळ लागणार हे आम्हाला माहीत होतं. नोकरीत असलेले जवानसुद्धा तेव्हा कित्येकदा वर्षानुवर्षं बाजारातून घेतलेली पदकं लावायचे. भावानं विचारलं, साताऱ्याहून आणू का एक तसंच. आबा नको म्हणाले.

त्यांनी ती ओळ मला वाचायला सांगितली. मी वाचली. पुन्हा वाच म्हणाले. मग बुक हातात घेतलं, त्या ओळीवर अंगठा ठेवला, जसा पूर्वी लोक आमच्या कार्यालयात अंगठा उठवायचे तसा, आणि डोळे मिटून बसले. आई चहा घेऊन आली, त्यांच्याकडे बघितलं, कप खाली ठेवला आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला नाही.

दुपारी जेवताना ते म्हणाले, "बाकीच्यांचं काय?"

आठ जण होते. आबा आणि माणचे काका धरून तिघं हयात. पाच गेले. माणच्या काकांचा अर्ज तर लगेच करता येणार होता. मला घोर लागला तो दुसऱ्याच एका घराचा. आबांसोबत एकाच गाडीवर असलेला जोडीदार, ज्याच्या पाठीवरच्या रुमालाकडे बघून आबांनी गाडी चालवली, तो खटाव तालुक्यातला. त्यानं फौज लवकर सोडली होती, पेन्शनची पंधरा वर्षं व्हायच्या आत. आणि जे पेन्शनशिवाय बाहेर पडतात त्यांची सेवेची कागदपत्रं पंचवीस वर्षं ठेवून नष्ट करण्याचा फौजेचा नियम आहे. मागे राहतो तो लाँग रोल, ज्यात माणसाची जेमतेम एक ओळ असते. आबांची फाइल पेन्शनमुळे तरली होती. त्याची बहुधा नसणार. पण ऑर्डरमध्ये त्याचं नाव असणार, नंबर बरोबर असो की चुकीचा.

आम्ही पुढच्या रविवारी खटावला गेलो. आबा कोट घालून आले होते, पदकं लावून. २०१९ नंतर पहिल्यांदा. पट्टीवर अजून पाचच होती, पण त्यांनी ती थोडी बाहेरच्या बाजूला सरकवून लावली होती. आतल्या बाजूला एका पदकाची जागा सुटली होती.

वहिनींनी, म्हणजे त्या जोडीदाराच्या पत्नीनं, डोक्यावरचा पदर सारखा करत आम्हाला सोप्यात बसवलं. आबांनी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "लडाईचं आमास्नी कदी बोललं न्हाईत ओ." मग आत जाऊन इरकली लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं बोचकं घेऊन आल्या. त्यात रेशनकार्ड होतं, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला होता, आणि सगळ्यांत खाली डिस्चार्ज बुक. कसर लागलेलं, पण पहिलं पान शाबूत.

मी वही उघडली. आबांनी चष्मा पुसला, बुक खिडकीच्या उजेडात धरलं आणि नंबर सांगायला लागले. एकेक आकडा. प्रत्येक आकड्यानंतर थांबून, मी लिहिलेला बघून. पुरा झाल्यावर म्हणाले, "आता तू वाच."

मी वाचला. त्यांनी बोटानं पानावर एकेक आकडा जुळवला.

"पुन्ना वाच," ते म्हणाले.